आधी गोळी की आधी दम

आक्काला वास येत नाही हे आम्हाला कळलं ते दूध करपल्यावर. मी शाळेत शिकवून घरी येत होते, तर गल्लीच्या तोंडालाच जळका वास. आत जाऊन बघते तर आक्का गॅसच्या शेजारी पाटावर बसून मेथी निवडत होती. पातेलं काळंठिक्कर पडलेलं, डोळे चुरचुरतील एवढा धूर, आणि ही आपली देठं मोडतीय.

"अगं आक्का, दूध गेलं की सगळं!"

तिनं मान वर केली. धूर बघून उठायला गेली, पण कमरेत कळ आली तशी परत खाली बसली. मीच गॅस बंद केला.

"मला न्हाई आला वास," ती म्हणाली.

"सर्दी झालीय का?"

"सर्दी तर कायमचीच हाय. वास गेला त्याला लई दिवस झाले."

हे तिनं सहज सांगितलं आणि पुन्हा मेथीला लागली.

आक्का माझी थोरली बहीण. आईच्या माघारी तिनंच मला वाढवलं, माझं लग्नही तिनंच जमवलं. तिचं सासर लातूरच्या दक्षिणेकडं, भूकंपात जिथं गावंच्या गावं बसली त्या पट्ट्यात. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. तिचा नवरा आणि एकुलती एक मुलगी शेजारीच होते. आक्का दुपारी जिवंत निघाली, ते दोघं दुसऱ्या दिवशी निघाले. खुब्याजवळचं हाड मोडलं म्हणून तिला सोलापूरला नेलं, तेव्हा ती शुद्धीवर होती. मुलगी कुठं आहे असं तिनं कुणाला विचारलं नाही. ढिगाऱ्याखाली बराच वेळ त्या दोघी एकमेकींशी बोलत होत्या. मग एकटी आक्काच बोलत राहिली होती.

सोलापूरच्या दवाखान्यात दुखणं थांबवायच्या सुया तिला रोज मिळायच्या. त्यांचं तिला काही झालं नाही, उलट त्यांच्यामुळंच तिला झोप लागायची. ही गोष्ट पुढं आम्हाला फार महागात पडली, म्हणून इथंच सांगून ठेवते. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. डॉक्टर म्हणाले, "चालता येईल. दुखेल मात्र." तिला मी लातूरला आमच्याकडं आणलं. आमचे हे कोर्टात कारकून. त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही, पुढची खोली रिकामी करून दिली.

करपलेलं पातेलं घासता घासता मी तिला म्हटलं, "वास जातोय आणि तू सांगत नाहीस? डॉक्टरांना दाखवलं असतं."

तिचे हात थांबले. "त्या दिवसांत गावात जो वास होता ना, तो माझ्या नाकातनं जाता जाईना. जेवायला बसलं की तोच. न्हाऊन आलं तरी तोच. मग हळूहळू सगळेच वास गेले, त्यात तो बी गेला. म्हटलं, बरं झालं. डॉक्टरला कशाला सांगू? त्यानं परत आणला म्हंजी?"

तो विषय तिथंच राहिला. आक्कानं तिच्या वास जाण्याबद्दल कुणालाच सांगितलं नाही आणि मीही नाही.

पहिला झटका त्याच हिवाळ्यात आला. थंडीत तिचा खुबा फार दुखायचा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या बिस्किटांच्या शेजारी बरणीत असत. तिनं दुपारी जेवण झाल्यावर एक घेतली. तासाभरात नाकाला धार लागली, डोळे लाल झाले, मान आणि छाती तांबडीलाल. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. बोलायला तोंड उघडायची, पण शब्दाला पुरेल एवढी हवाच आत जात नव्हती. रिक्षात घालून तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी शिरेतून सुई दिली, वाफ दिली. संध्याकाळपर्यंत ती बसून चहा पीत होती.

"दमा आहे," डॉक्टर म्हणाले. "ढिगाऱ्याची धूळ फुप्फुसात बसलीय. आज काय खाल्लं होतं?"

"भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ताक."

"शेंगदाणे बंद. ताक बंद."

डॉक्टर भले गृहस्थ होते, त्यांना नावं ठेवायचं मला कारण नाही. त्या वर्षांत लातूरमध्ये सगळ्याच गोष्टींचं मूळ भूकंपात सापडायचं. पोरगं नापास झालं तरी भूकंपाचा धसका, म्हैस आटली तरी भूकंपाचा धसका. आक्का तर खरंच ढिगाऱ्याखालून निघालेली. तिला झालेला दमा दुसऱ्या कशाचा असणार?

मग झटके येत राहिले. एकदा चिंचेच्या सारानंतर आला म्हणून चिंच बंद झाली. एकदा केळं खाल्ल्यावर आला, केळं बंद. आंबा, वांगं, दही एकेक करत ताटातून गेलं. शेवटी आक्का वरण-भात आणि दुधीभोपळा एवढ्यावर आली. अंग उतरलं. एकदा काळी उलटी झाली, पोटात व्रण निघाला. तरी झटका यायचाच. आणि दर वेळी त्याच्या आधी खुबा दुखलेला असायचा, नाहीतर ताप-सर्दी झालेली असायची. त्यामुळं डॉक्टर म्हणायचे की थंडीनं हाड दुखतं आणि थंडीनंच दमा उठतो. मधल्या गोळीकडं कुणाचं लक्ष जाईना. गोळी म्हणजे उतारा, तो कुणाच्या नजरेत भरतो?

आम्हाला अगदीच शंका आली नव्हती असं नाही. ह्यांनी एकदा डॉक्टरांना विचारलं, "साहेब, हे दुखण्याच्या गोळीनं तर होत नसंल?"

डॉक्टरांनी नीट विचार करून उत्तर दिलं. "सोलापूरला महिनाभर हीच औषधं चालली ना? ॲलर्जी असती तर तेव्हाच दिसली असती. आणि परवा मी स्वतः पुडी दिली होती, तेव्हा कुठं काय झालं?"

खरंच काही झालं नव्हतं. त्यांच्या पुडीतल्या गोळ्यांनी तिला उलट बरं वाटायचं, खुब्याचं दुखणंही थांबायचं आणि छातीही मोकळी व्हायची. दुकानातल्या गोळीनंतर कधी कधी झटका यायचा, पण औषध तर तेच, मग दोष औषधाचा कसा? आमचा संशय तिथंच मिटला.

मग मनाचा दमा आहे असंही निघालं. भूकंपग्रस्तांसाठी आलेल्या कुण्या बाईंनी आक्काला समोर बसवून तिच्या मुलीबद्दल विचारलं, आणि आक्का ढसाढसा रडली. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे सगळं आतलं साचलेलं आहे. ते छातीत दाटतं." आक्कालाही ते पटलं. ती म्हणायला लागली, "पोरीला आत टाकून म्या एकटीच वर आले. तिला शेवटी जसा दम लागला, तसा मला लागतो." हे ऐकल्यावर मला रात्रंदिवस काही सुचेना. आजाराचं कारण सापडत नव्हतं तोवर आक्कानं स्वतःच एक कारण शोधून काढलं होतं, आणि ते कुठल्याही डॉक्टरच्या हातानं निघण्यासारखं नव्हतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवभोळ्या. त्यांनी आक्कासाठी माहूरच्या रेणुकादेवीला नवस बोलला होता. आक्का नको म्हणत होती, तरी आम्ही तिघी निघालो. नांदेडला मुक्काम करून पुढं माहूर. गडाच्या पायऱ्या आक्का माझ्या खांद्यावर भार टाकून चढली. दर्शन झालं, तांबूल मिळाला. उतरताना तिच्याच्यानं पाय उचलवेना. खाली एका हॉटेलात आम्ही चहा घेतला, तिथंच शेजारच्या कुणी भाविक बाईनं आपल्या पिशवीतली गोळी काढून दिली. "घ्या ओ ताई, मी बी ह्याच्यावरच चढले."

किनवटकडं जाणारी बस सुटली आणि जंगलातल्या वळणांवर तिचा श्वास अडला. इतका जोराचा झटका मी आधी पाहिला नव्हता. ओठ काळेनिळे पडले. आत्याबाई तांबूल हातात धरून देवीचं नाव घेत होत्या. ड्रायव्हरनं कुठं न थांबता बस थेट किनवटच्या दवाखान्यासमोर उभी केली, उतारूंपैकी कुणी ब्र काढला नाही. तिथं ऑक्सिजन लागला, सुया झाल्या, आणि जरा स्थिरावल्यावर जीपमधून हिमायतनगरवरून तिला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं.

नांदेडला ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्या चाळिशीच्या असतील. आवाज बसका, बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही, आक्काला आराम पडू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या आणि छातीला नळी लावायच्या आधी बॅटरी घेऊन आक्काच्या नाकात बघायला लागल्या. बराच वेळ बघितलं. मग मला बोलावलं, "तुम्ही पण बघा." दोन्ही नाकपुड्यांत वरच्या बाजूला द्राक्षाच्या मण्यासारखं फिकट, ओलं काहीतरी दाटलं होतं.

"वास येतो का ताई?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मीच सांगितलं, "नाही येत. भूकंपानंतर गेला."

"लगेच?"

"न्हाई," आक्का म्हणाली. "दुसऱ्या वर्षी."

"आधी सर्दी, मग वास गेला, मग दमा. असंच ना?" आक्कानं मान हलवली. बाईंनी पुढं विचारलं, "माहूरला दम लागला, त्याच्या आधी गोळी घेतली होती की दम लागल्यावर घेतली?"

"आधी. पाय दुखत होता म्हणून."

"त्याच्या मागच्या वेळी? आठवून सांगा. आधी गोळी की आधी दम?"

मग एकेक झटका घेऊन त्या मागं मागं गेल्या. चिंचेच्या साराच्या दिवशी ताप होता, तापाला गोळी घेतली होती. केळ्याच्या दिवशी दाढ दुखत होती. ताकाच्या दिवशी खुबा. दर वेळी आधी गोळी. मी तिथं उभी राहून ऐकत होते. एवढी वर्षं आम्ही ताट तपासत होतो.

"पण सोलापूरला तर चाललं होतं," मी म्हटलं. "आणि आमच्या डॉक्टरांच्या पुडीनं पण काही होत नव्हतं."

"हा दोष जन्मापासून नसतो. मोठेपणी सुरू होतो. आधी चालत होतं म्हणून पुढं चालेलच असं नाही." त्या आक्काला कळावं म्हणून सावकाश बोलत होत्या. "आणि पुडीत बहुतेक स्टिरॉइड असणार. एक गोळी झटका आणणारी, दुसरी तो दाबणारी. म्हणून तुम्हाला कळलं नाही. भूकंपाचा ह्याच्याशी संबंध नाही ताई. धुळीचा नाही, मनाचा पण नाही."

"माझ्या पोरीचा बी न्हाई?" आक्कानं विचारलं.

बाईंना संदर्भ माहीत नव्हता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काय समजायचं ते समजल्या. "नाही. मुलीचा पण नाही," त्या म्हणाल्या.

आक्का भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

मी विचारलं, ह्याची रक्ताची तपासणी असेल ना? बाई म्हणाल्या, ह्या औषधांसाठी भरवशाची रक्ततपासणी नाही, कातडीवर टोचून बघायची पण नाही. दिलेली हकीकत हाच मोठा पुरावा. खात्री करायची तर एकच रस्ता, दवाखान्यात झोपवून, सगळी तयारी हाताशी ठेवून, तीच गोळी कणाकणानं द्यायची आणि बघत बसायचं. धोका होता. "माझी स्वतःची खात्री आहे," त्या म्हणाल्या, "पण मोडलेल्या खुब्याच्या बाईला जन्मभर दुखण्याचं औषध बंद असं मी सांगणार. ते नुसत्या अंदाजावर सांगायला माझा जीव धजत नाही. तुम्ही दोघी ठरवा."

आक्कानं लगेच हो म्हटलं. मला वाटलं तिला खरं काय ते कळायला हवंय. तसं नव्हतं, ते नंतर समजलं.

दमा पूर्ण शांत झाल्यावर एका सकाळी तपासणी सुरू झाली. गोळीचा बारका तुकडा कुटून पाण्यातून दिला. शेजारी ऑक्सिजन, भरलेल्या सुया, वाफेचं मशीन. थोड्या थोड्या वेळानं आक्काला एका नळीत जोरात फुंकायला लावायचे आणि काटा कुठवर जातो ते बघायचे. काही झालं नाही. दुपारी त्याच्या दुप्पट दिला. तरी काही नाही. आक्का उशीला टेकून बसली, चेहरा उजळला होता. खूप वर्षांनी मी तिला तसं पाहिलं.

"बघ," मला म्हणाली, "न्हाई झालं कायबी. डॉक्टरीणबाईचं चुकलं. चहा मागव गं."

आणि हसली. तेव्हा मला उमगलं की तिला ती गोळी परत हवी होती. झटक्याची भीती आम्हाला होती. तिचं रोजचं दुखणं वेगळंच होतं, त्यावर तिला ठाऊक असलेला उतारा तेवढाच, आणि तो सुटू नये म्हणून ती ह्या परीक्षेला बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिसरा डोस दिला. चहा अर्धा झाला असेल, तिनं पदरानं नाक पुसलं. मी तिच्याकडं बघितलं तशी तिनं मान फिरवली. पुन्हा पुसलं. डोळे लाल व्हायला लागले होते.

"धूर आलाय कुठूनतरी," ती म्हणाली.

धूर कुठंच नव्हता, आणि असता तरी तिला कळला नसता. नर्सनं नळी पुढं केली. आक्कानं सगळा जोर लावून फुंकलं, गळ्याच्या शिरा फुगल्या, पण काटा पूर्वीच्या जागेवर पोचला नाही. बाई धावत आल्या. वाफ, सुई, ऑक्सिजन. ह्या वेळी झटका लवकर आवरला. सगळ्यांची तयारी होतीच.

श्वास जागेवर आल्यावर आक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मला वाटलं होतं, न्हाई व्हणार," एवढंच म्हणाली.

बाईंनी पुढचं सगळं समजावलं. दुखणं थांबवणाऱ्या ह्या गटातली कुठलीही गोळी, सुई, मलम, सर्दीच्या पुड्यांत मिसळलेली औषधं, काहीच चालणार नाही. नावं बदलतील, रंग बदलतील, आतलं औषध तेच असेल. शेंगदाणे, चिंच, ताक सगळं खायला हरकत नाही.

"मॅडम, मग दुखल्यावर म्या काय घेऊ?"

"तापाची साधी गोळी अर्धी अर्धी चालेल. शेक घ्या. ओझं उचलू नका."

"तेवढ्यानं न्हाई भागत."

"पुण्या-मुंबईकडं काही ठिकाणी रोज थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावतात. पण मग ती गोळी जन्मभर रोज घ्यावी लागते. तुमच्या पोटात आधीच व्रण आहे, काळी उलटी झालेली आहे तुम्हाला. तुम्हाला ते झेपणार नाही. दुसरी तगडी औषधं असतात, ती मी देऊन बघते." ती दिली, तर आक्काला दोन दिवस उलट्या. बाईंनी हाडाच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, जुनं वाकडं हाड, ऑपरेशन करूनही दुखणं जाईल असं सांगता येत नाही. भूल देणाऱ्यांनी दम्याचं ऐकून नकार दिला.

"म्हंजी सोसायचं," आक्का म्हणाली.

बाई म्हणाल्या, "हो ताई. सोसावं लागेल."

त्यांनी खोटा धीर दिला नाही, म्हणून मला त्या अजून आठवतात.

नाकातले ते मण्यांसारखे कोंब त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून काढून घेतले, नुसती जागा बधिर करून. लातूरला परतल्यावर काही दिवसांनी आक्काला वास यायला लागला. पहिल्यांदा हिंगाच्या फोडणीचा आला, तेव्हा ती लहान पोरीसारखी खूश झाली. मग आमच्या शेजारचं जुनं घर पाडायला घेतलं. तिथं मुलींचं वसतिगृह उभं राहणार होतं. जुन्या भिंतीची माती सुटली, त्यांनी धूळ बसावी म्हणून पाणी मारलं, आणि तो ओल्या पांढरीच्या मातीचा, तिच्या पडलेल्या गावातल्यासारखा वास खिडकीतून आत आला. आक्का किंचाळत मोरीत जाऊन बसली, तोंडावर पदर दाबून. घर पाडणं संपेपर्यंत तिला आम्ही आत्याबाईंच्या खोलीत मागं ठेवलं. वर्षाच्या आत कोंब पुन्हा वाढले आणि वास गेला. पुन्हा ऑपरेशन करू या म्हटलं, तर ती नको म्हणाली.

तोवर आमची गल्ली ओळखू येईनाशी झाली होती. लातूरचे निकाल लागायचे आणि त्यांचे मोठाले फलक चौकाचौकांत लागायचे. किनवट, हदगाव, देगलूर, उदगीर, कुठून कुठून पोरं-पोरी यायची. दर घरावर एक मजला चढला, दर खिडकीवर क्लासची पाटी. आक्का शेजारच्या वसतिगृहातल्या मुलींचे डबे करायला लागली. उंच स्टुलावर बसून पोळ्या लाटायची. दुखणं वाढलं की लाटणं बाजूला ठेवायची, दोन्ही हात ओट्यावर दाबून डोळे मिटायची, आणि मग पुन्हा लाटायला लागायची. मुली तिला मावशी म्हणायच्या. अभ्यासानं डोकं दुखतं म्हणून प्रत्येकीच्या दप्तरात गोळ्यांची पट्टी असायचीच. एखादी गोळी गिळून अर्ध्या तासात गाणं गुणगुणत क्लासला निघायची. आक्का त्यांच्याकडं बघत राहायची.

नवीन डॉक्टरकडं गेलं की आक्काचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मला दुखण्याची गोळी चालत न्हाई, सुई बी न्हाई." काही डॉक्टर ऐकायचे. काही हसायचे, "अहो मावशी, हे एकदम हलकं आहे, ह्यानं कुणाला काही होत नाही." तेव्हा मी मध्ये पडायची. वाद व्हायचे. पण तेवढ्यानं तिचा जीव राहिला होता.

आणि मग चिकुनगुनियाची साथ आली. मराठवाड्यात त्या पावसाळ्यात घरटी माणसं लोळत होती. ताप दोन-तीन दिवसांत उतरायचा, सांधे मात्र असे धरायचे की माणसाला खाटेवरून उठवेना. आधी हे पडले, मग मी, मग आक्का. आम्ही दोघं सुया-गोळ्या घेऊन चालायला लागलो. आक्काला काहीच देता येईना. मनगटं, गुडघे, घोटे सुजले, त्यात तो खुबा. अर्धी गोळी आणि ओल्या फडक्याच्या घड्या. कूस बदलायला दोघं लागायचे. पांघरुणाचं ओझंही सोसवेना.

"एक दे गं," ती म्हणाली. "एकच. व्हायचं ते हू दे."

"आक्का, असं बोलू नको."

"तू घेतली की. तुझं थांबलं. मला बी थांबू दे."

मी नाही म्हटलं. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी भरवलं तर खायची, उठवलं तर उठायची, पण एक शब्द बोलत नव्हती.

पुन्हा ताप चढला तेव्हा तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. आमचे जुने डॉक्टर तोवर वारले होते, हा दवाखाना नवा होता. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर, जमिनीवर, जिन्यात माणसं. आक्काला बाकावर निजवलं. डॉक्टर आतल्या खोलीत होते. त्यांना तिची हकीकत आधी नीट सांगावी म्हणून मी आत गेले, ह्यांना गाडी लावायला जागा मिळत नव्हती. आत माझ्यापुढं बरेच जण होते. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. सलाइन लावू, ती सुई देणार नाही."

बाहेर आले तर आक्काच्या दंडावर कापसाचा बोळा होता.

त्या दिवशी तापानं अंग धरलेला जो येईल त्याला बाहेरच एक सुई देत होते, एकामागून एक, बाकाच्या ओळीनं. सुई देणारा मुलगा भांबावला. "मावशींनी काही नाही सांगितलं हो," तो म्हणाला. शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "ती कायतरी बोलली बाबा, पर गलका लई व्हता." तिसरा एक जण म्हणाला की बाईनं स्वतःच बाही वर केली. तिघंही माझ्या तोंडावर तीन गोष्टी सांगत होते, आणि आक्काच्या नाकाला धार लागली होती.

डॉक्टर धावत आले, त्यांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. ऑक्सिजन लावून मोठ्या दवाखान्याकडं निघालो. क्लास सुटायची वेळ होती. पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरापोरींनी रस्ता भरला होता. गाडीनं वाट काढली, पोरं बाजूला झाली. माझा हात आक्काच्या हातात होता. तिनं तो घट्ट धरला होता, मग सैल सोडला. तिनं सांगितलं पण कुणी ऐकलं नाही, की तिनं सांगितलंच नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कुणाला विचारणार?

राख सावडायला तिच्या सासरची माणसं आली, पुनर्वसनाच्या गावातून, जीप करून. पुढच्या खोलीत सतरंजीवर बसली. तिचे चुलत सासरे म्हणाले, "भूकंपानं तिला तवाच न्यायचं व्हतं. उशिरा नेलं, एवढंच."

मी म्हटलं, "मामा, भूकंपाचं काही नव्हतं त्यात. तिला दुखण्याचं औषध चालत नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं." मी सगळं सांगायला लागले. नाकातले कोंब, वास, आधी गोळी मग दम. ती माणसं ऐकत होती. "हाव, हाव," म्हणत होती. माझं बोलणं संपल्यावर मामा म्हणाले, "तेच की. भूकंपाचा धसकाच तो."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

त्यांच्यात आक्काची एक थोरली जाऊ होती. तिलाही तीच साथ लागून गेलेली, बोटं सुजून वळेनात. भिंतीला टेकून कण्हत होती. कुणीतरी तिला गोळी दिली. तिनं ती पाण्याबरोबर घेतली आणि डोळे मिटून बसली. जेवणाची वेळ झाली तेव्हा ती उठली, बोटं उघडझाप करून बघितली, आणि म्हणाली, "आता जरा हलायलेत." मग आत गेली, परात ओढली, आणि आलेल्या सगळ्यांसाठी भाकरी थापायला बसली.